वरच्या खोलीतल्या जास्वंदी

जपानात जास्वंद हे एका उन्हाळ्याचं झाड समजतात. जूनमध्ये होम सेंटरच्या, म्हणजे घर-बागेच्या सामानाच्या मोठ्या दुकानाच्या, दाराशी कुंड्या मांडलेल्या असतात, लाल, पिवळ्या, केशरी. लोक हौसेनं नेतात, सप्टेंबरपर्यंत फुलं बघतात आणि थंडी पडली की झाड मुळासकट उपटून जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत घालतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. आम्ही राहतो त्या नागानोच्या डोंगरात जानेवारीत पहाटे पारा उणे दहापर्यंत उतरतो, तिथे जास्वंद बाहेर ठेवणं म्हणजे तिला मारणंच. पण आमच्या घरात जास्वंद कचऱ्यात टाकायची सोय नव्हती, कारण घरात आई होती आणि आईचा नेम होता.

नेम तसा साधा होता. रोज सकाळी अंघोळ झाली की घरच्या झाडाची एक जास्वंद खुडायची, गणपतीला वाहायची आणि मगच चहा तोंडाला लावायचा. लग्न होऊन सांगलीच्या घरात आली त्या वर्षापासून हे चालू होतं. का धरला, हे मी कधी विचारलं नाही. आईचा नेम लहानपणापासून इतका अंगवळणी पडला होता, की त्याला काही कारण असेल असं मनातच आलं नाही. फूल विकतचं चालायचं नाही. दुसऱ्याच्या कुंपणाबाहेर आलेल्या फांदीवरचंही चालायचं नाही. आमची अर्धी गल्ली तशा फुलांवरच पूजा उरकायची, त्यांच्याकडे आई जरा तिरक्या नजरेनं बघायची. आदल्या संध्याकाळी कळी खुडून फ्रिजमध्ये ठेवलेली मात्र चालायची, कारण तिच्या मते फूल शिळं होतं, कळी शिळी होत नाही. याला शास्त्रात काही आधार आहे का, असं मी एकदा विचारलं होतं. तुला चहा वेळेवर मिळतो ना, मग तू कशाला शास्त्रात शिरतोस, असं उत्तर मिळालं.

मी मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. नागोयात काही वर्षं काढल्यावर कंपनीनं मला डोंगरातल्या या कारखान्यावर पाठवलं. इथे भाड्यानं जुनं लाकडी दुमजली घर मिळालं, पुढे एखाद्या खोलीएवढी बाग. घरमालक म्हातारे गृहस्थ, म्हणाले, हवं ते लावा, फक्त कोपऱ्यातलं पर्सिमनचं झाड तोडू नका. बायकोनं पीएच.डी. जपानातच केली होती. गाडीनं तासाभरावर असलेल्या विद्यापीठात, एका प्रयोगशाळेत, तिला मनासारखी नोकरी लागली आणि त्याच सुमारास दिवस राहिले. मेमध्ये मुलगी झाली. बायकोच्या प्राध्यापकांनी अगदी सौजन्यानं आणि अगदी स्पष्ट सांगितलं होतं, की जानेवारीपर्यंत जागा राखून ठेवू, त्यापुढे प्रकल्प थांबवता येणार नाही. इकडे होइकुएनमध्ये, म्हणजे इथल्या सरकारमान्य पाळणाघरात, जागा मिळणार होती एप्रिलला. मधल्या तीन महिन्यांवर तिची नोकरी टांगलेली होती आणि ते तीन महिने सर्वस्वी आईच्या हातात होते. आमच्या प्रकारच्या व्हिसावर मूल लहान असेपर्यंत आईला इथे ठेवता येत होतं. बाबा दोन वर्षांपूर्वी गेल्यापासून तीही सांगलीत एकटीच होती. तेव्हा सगळं जुळून आल्यासारखं वाटत होतं.

आई जूनमध्ये आली. दुसऱ्याच दिवशी तिला होम सेंटरवर नेलं आणि चार जास्वंदी घेतल्या. दोन लाल, एक पिवळी, एक केशरी. शिवाय मोगऱ्याचं एक रोप आणि गोकर्णीच्या बियांचं एक पाकीट. आईनं जास्वंदी त्याच संध्याकाळी जमिनीत लावल्या. कुंडीतलं झाड म्हणजे लॉजवर राहिलेला माणूस, असं तिचं मत होतं. मोगऱ्यानं चार कळ्या धरल्या, आमची करमणूक केली आणि ऑगस्टच्या शेवटी मान टाकली. गोकर्णी मात्र पर्सिमनवर चढली. त्या उन्हाळ्यात आई उजाडता उजाडता बागेत जायची आणि बऱ्याच वेळानं एक फूल घेऊन परत यायची. पलीकडच्या आजीबाई त्या वेळी त्यांच्या भाजीच्या वाफ्यात असायच्या. ही मराठीत बोलायची, त्या जपानीत बोलायच्या, आणि दोघी मावा कसा घालवायचा यावर एकमेकींना सल्ले द्यायच्या. एक फूल खुडायला एवढा वेळ कशाला लागतो, असा प्रश्न मला पडला नाही, कारण त्या वेळी मी झोपलेला असायचो.

ऑक्टोबरच्या मध्याला रात्री गारठू लागल्या. पिवळ्या जास्वंदीची पानं एका रात्रीत काळपट पडली, तेव्हा मी कामाला लागलो. खरं सांगायचं तर मला हुरूप आला. घरात बाळंतीण, बाळ आणि आई या तिघींच्या कारभारात मला कुणी फारसं विचारत नव्हतं. हे काम मात्र माझ्या जातकुळीचं होतं. रोज एक नग, कसूर न होता, वेळेवर. आम्ही कारखान्यात दुसरं काय करतो?

घरातली सगळ्यात उबदार जागा म्हणजे वरची दक्षिणेकडची तातामीची, म्हणजे गवती चटया घातलेली, खोली. तिला मोठी काचेची सरकती दारं आहेत. जास्वंदी मातीतून काढून, छाटून, कुंड्यांत लावून मी वर नेल्या. तातामी भिजू नये म्हणून प्लास्टिक अंथरलं. खोली पंधरा अंशांच्या खाली जाऊ नये अशी हीटरची व्यवस्था केली, वर झाडांसाठीचे दिवे टांगले. चार झाडांनी भागणार नाही हे उघड होतं, म्हणून होम सेंटरमध्ये उरलेल्या जास्वंदी आणल्या. पलीकडच्या आजीबाई आपली टाकूनच देणार होत्या, तीही मागून घेतली. त्यांनी आणखी दोन घरी सांगितलं. नोव्हेंबर लागेपर्यंत खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

जास्वंदीचं फूल एकच दिवस टिकतं, त्यामुळे साठा करता येत नाही. रोजचं रोज उमलायला हवं. टाचणीच्या डोक्याएवढ्या कळीपासून फुलापर्यंत किती दिवस जातात हे मी बघून ठेवलं आणि प्रत्येक कुंडीला रंगीत पट्टी लावली. हिरवी म्हणजे कळी लहान, पिवळी म्हणजे या आठवड्यात, लाल म्हणजे उद्या. अडीअडचणीला फ्रिजमध्ये डब्यात एक राखीव कळी. त्या डब्याला हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती.

आणखी एक गोष्ट मी ठरवली. जुन्या जपानी घरांतला जिना म्हणजे जिना कमी आणि शिडी जास्त. आईचे गुडघे दुखतात. तेव्हा आईनं वर चढायचं नाही. मी शिफ्टला निघण्यापूर्वी वर जाणार, फूल खुडणार आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर आमचा देव्हारा आहे तिथे तबकात ठेवणार. आईनं अंघोळ करून यावं, हात जोडावेत, चहा घ्यावा. आईनं हे ऐकून घेतलं, बरं म्हणाली. बरं या शब्दाचे अर्थ किती असतात हे मला चाळिशी उलटल्यावर तरी कळायला हवं होतं.

नोव्हेंबरभर एकही दिवस चुकला नाही. बाहेर सकाळी गवतावर पांढरं दहिवर आणि आमच्या गणपतीवर टवटवीत लाल जास्वंद. मी फोटो काढून ऑफिसात दाखवले. आमचे विभागप्रमुख चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, गिऱ्हाईक खूश आहे का? आमच्याकडे हे नेहमीचं आहे. आपलं काम पुढे ज्याच्या हाती जातं ते आपलं गिऱ्हाईक, आणि त्याला काय हवंय ते त्याच्या जागेवर जाऊन बघायचं. मी म्हटलं, एकदम खूश.

गिऱ्हाईक खूश नव्हतं. आई हळूहळू गप्प होत गेली. मुलीला न्हाऊमाखू घालणं, खिमट करणं, सगळं करायची, पण मन लागत नसल्यासारखं. दुधाला इथे चवच नाही म्हणायची. नळाचं पाणी हाताला चावतं म्हणायची. एकदा मुलगी रडताना बायकोनं स्वयंपाकघरातून "आई" अशी नुसती हाक मारली, तर "आले, आले, किती हाका मारशील" असं तोडून बोलली. बायको माझ्याकडे बघत राहिली. तिनं एकदाच हाक मारली होती.

डिसेंबर लागला आणि एका रविवारी जेवताना आई म्हणाली, "मला संक्रांतीच्या आत सांगलीला जायचंय. तिकीट बघ."

बायकोनं ताटातली भाकरी संपवली, उठून मुलीला पाळण्यातून घेतलं आणि आत गेली. थोड्या वेळानं मी गेलो तर ती प्राध्यापकांना पाठवायच्या मेलचा मसुदा करत बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, जपानी पत्रात नकार पहिल्या वाक्यात द्यायचा नसतो, आणि मला दुसरं वाक्यच सुचत नाहीये. मी म्हटलं, थांब, मी बघतो. तिनं मसुदा खोडला नाही, नुसता बाजूला ठेवला.

मी बघायला लागलो, म्हणजे नेहमीप्रमाणे वस्तू आणायला लागलो. आईला थंडी वाजत असेल म्हणून विजेची सतरंजी आणली. मग कोतात्सु आणलं, म्हणजे खाली हीटर आणि वर रजई असलेलं बुटकं मेज. त्यात पाय घालून आई बसायची, छान आहे म्हणायची, आणि तिकिटाचं काय झालं म्हणून विचारायची. एकदा तबकात केशरी जास्वंद होती, तेव्हा ती फुलाकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मला वाटलं, सापडलं. गणपतीला लाल लागते आणि आपण आठवड्यातून दोनदा केशरी-पिवळी देतोय. माल पोचतोय, पण दर्जा बरोबर नाही.

पुढच्या रविवारी मी सगळी खोली हलवली. लाल जास्वंदी काचेजवळ ओढल्या, बाकीच्या मागे सारल्या, दिव्यांची उंची बदलली आणि हीटर दुसऱ्या कोपऱ्यात नेला. काइझेन, म्हणजे सतत थोडी थोडी सुधारणा, हा शब्द आम्ही इतका वापरतो की त्याचा अर्थ हात स्वस्थ न ठेवणं असाच झालाय. याला मराठीत हात दाखवून अवलक्षण म्हणतात. जास्वंदीला जागा बदललेली आवडत नाही. मंगळवारी सकाळी वर गेलो तेव्हा प्लास्टिकवर कळ्यांचा सडा पडला होता, टाचणीएवढ्या, बोटाच्या पेराएवढ्या, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या. झाडांवर नुसती पानं. राखीव कळीनं मंगळवार निभावला आणि बुधवारी तबक रिकामं राहिलं.

आईनं रिकाम्या तबकाकडे बघितलं, हात जोडले आणि ऊन पाणी पिऊन बसली. मी ऑफिस सुटल्यावर तसाच होम सेंटरवर गेलो. डिसेंबरात तिथे जास्वंद कुठली? सायक्लेमेन होती आणि नाताळची लाल पॉइन्सेटिया. पॉइन्सेटियाची कुंडी घेऊन आलो. म्हटलं, आता ही घरचीच झाली की. आईनं बोटानं चाचपून बघितलं आणि म्हणाली, ही पानं आहेत. खरंच पानं होती. मग मी पूजेतली सोय काढली. फुलाऐवजी अक्षता वाहिल्या तरी चालतात, गुरुजी स्वतः तसं म्हणतात. ती म्हणाली, पूजेला चालतात, नेमाला नाही. जेवली, पण दिवसभर चहा घेतला नाही. तिला चहाशिवाय डोकं चढतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुवारीही तेच झालं. बायको मला एवढंच म्हणाली, की तिकीट काढायचं असेल तर आता काढ, पुढे महाग होईल, आणि मसुदा पुन्हा उघडून बसली.

शुक्रवारी बर्फ पडायला लागला. रस्ते बंद व्हायच्या आत घरी जा म्हणून कारखान्यानं दुपारीच सोडलं. घरात शिरलो तर बायको मुलीला खांद्यावर घेऊन खोलीभर फिरत होती. मुलगी दात येत असल्यामुळे भोकाड पसरून रडत होती आणि आई कुठे दिसत नव्हती. बाथरूममध्ये नाही, कोतात्सुशी नाही. चपला दारातच. मी जिन्याखाली उभं राहून हाक मारली. ओ नाही. दुसऱ्यांदा मोठ्यानं मारली. पडली की काय असं मनात आलं. दोन-दोन पायऱ्या चढून वर गेलो.

आई कुंड्यांच्या मधोमध तातामीवर पाय पसरून बसली होती. मांडीवर जुना पेपर, त्यावर पिवळी पानं. एका फांदीचा पिठ्या ढेकूण ती ओल्या फडक्यानं पुसत होती. बाहेर बर्फ पडत होता आणि खोलीत तिनं दिवे लावले नव्हते. मला बघूनही उठली नाही. मी चिडलोच. म्हटलं, दोन हाका मारल्या, ओ द्यायला काय झालं, आणि या गुडघ्यांनी वर कशाला चढलीस?

"हाक नको मारूस रे," ती म्हणाली. "देवाचं फूल आणायला आलेय मी."

"पण फूल नाहीये ना आज. एकाही झाडावर नाही."

"ठाऊक आहे."

मी दारातच खाली बसलो. ती पानं पुसत राहिली आणि पुसता पुसताच बोलली, माझ्याकडे न बघता.

"तुला वाटतं मला फूल कमी पडतंय. फूल मला कधीच कमी पडलं नाही. सांगलीच्या घरात आपण अकरा माणसं. उठल्यापासून निजेपर्यंत कुणी ना कुणी हाक मारायचं. आजोबांना पाणी, काकांना डबा, तू तर अंथरुणातूनच ओरडायचास. फक्त परड्यात फुलाला गेले की कुणी हाक मारायचं नाही. देवाचं काम ना. सासूबाईसुद्धा सांगायच्या, थांबा जरा, ती फुलाला गेलीय. तेवढा वेळ माझा होता. इथे उन्हाळ्यात होता. मग तू फूलच आणून ठेवायला लागलास. डोळे पुसून बाहेर यावं तर फूल तयार, चहा तयार, दिवस सुरू."

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. महिनाभर मी अंशांचा हिशेब ठेवला, दिवे टांगले, पहाटे उठलो, आणि तिनं हे एका वाक्यात सांगितलं असतं तर? मी तसं म्हणालोही. तिनं फडकं पिळलं.

"हे काय सांगायचं असतं? सासूबाईंना तरी कुठे सांगितलं होतं."

खाली मुलीचा आवाज अजून चढला. मी उठलो आणि खाली गेलो. बायकोनं डोळ्यांनीच विचारलं, सापडल्या का. मी म्हटलं, वर आहे, फुलाला गेलीय. तिला बहुतेक माझ्याआधीच काहीतरी कळलं असावं, कारण तिनं मुलीला माझ्या हातात दिलं आणि दार लोटून घेतलं, आवाज वर जाऊ नये म्हणून. मुलगी माझ्याकडे राहत नाही. तिला घेऊन मी पाऊण तास खोलीत चकरा मारल्या, कुकरच्या शिट्ट्या ऐकवल्या, पॉइन्सेटिया दाखवली. आई खाली आली तेव्हा तिच्या हातात फूल नव्हतं. देव्हाऱ्यासमोर उभी राहिली, डब्यातून चिमूटभर अक्षता काढून वाहिल्या आणि म्हणाली, चहा टाकतेस का गं, आलं घालून.

मी न राहवून विचारलं, नेमाला अक्षता चालत नाहीत ना?

"नेम माझा आहे," आई म्हणाली. "काय चालतं ते मी बघेन."

शनिवारी मी जिन्याला दोन्ही बाजूंनी लाकडी कठडा बसवला. कुंड्या खाली आणू का, असंही विचारलं. तिनं नको म्हणून सांगितलं, एवढं जोरात की मी पुन्हा विषय काढला नाही. रंगीत पट्ट्या तिनं पहिल्याच आठवड्यात काढून टाकल्या. हीटर तिला वाटेल तिथे नेला. पहाटे मी उठून मुलीला सांभाळायचो, बायको डबे करायची, आई एक एक पायरी मोजत वर जायची. तासभर वर काय करायची, मला माहीत नाही. कधी फांदी छाटल्याचा आवाज यायचा, कधी काहीच नाही. पुढे दोन महिने झाडांनी एकही फूल दिलं नाही आणि ती रोज रिकाम्या हातानं, चांगल्या चेहऱ्यानं खाली यायची. तिकिटाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. आम्हीही काढलं नाही. जानेवारीत ठरलेल्या दिवशी बायको गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून कामावर गेली. मेलचा तो मसुदा तिनं खोडला की नाही, ते मी विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी एका लाल जास्वंदीनं पहिलं फूल दिलं. मी खुडत होतो त्या फुलांपेक्षा लहान होतं, पाकळ्यांच्या कडा जरा दुमडलेल्या. आईनं ते तबकात ठेवलं आणि नेहमीसारखा चहा घेतला. मलाच जास्त आनंद झाला. ऑफिसात विभागप्रमुखांनी बागेचं काय म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगितलं की आता तो विभाग माझ्याकडे नाही. त्यांनी मान डोलावली. यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे.

एप्रिलमध्ये मुलगी होइकुएनमध्ये जायला लागली. सुरुवातीचे आठवडे ती रोज ताप घेऊन यायची. बायको भल्या पहाटे उठायची, डबा, मुलीची पिशवी, बदलायचे कपडे, सगळ्यावर नाव घातलेलं, मग तासभर गाडी, दिवसभर प्रयोगशाळा, पुन्हा तासभर गाडी. वाटेत होइकुएनचा फोन, की ताप आलाय, न्यायला या. घरी आल्यावर मुलगी तिच्या अंगावरून उतरायची नाही. मी मदत करायचो, पण हाक तिच्याच नावानं निघायची. माझीसुद्धा. मोजे कुठे आहेत इथपासून.

महिन्याच्या शेवटी आई सांगलीला गेली. तिच्या भाचीचं लग्न होतं, आणि आता तुमचं तुम्हाला जमेल, असं म्हणाली. जाताना तिनं झाडांबद्दल फक्त एवढंच सांगितलं, की मे अर्धा उलटल्याशिवाय बाहेर काढू नका, इथल्या थंडीचा भरवसा नाही. देव्हाऱ्यापुढचं तबक घासून पालथं घालून ठेवलं. माझ्या बायकोचा देवावर फारसा विश्वास नाही, सणावारापुरता आहे, आणि आईनं तिला नेम घे असं कधी म्हटलं नाही. तिच्या मागे आम्ही अक्षतासुद्धा वाहणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक असणार.

आईला विमानतळावर सोडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलगी लवकर उठली आणि किरकिरायला लागली. बायकोनं अंघोळ केली होती, केस ओलेच होते. तिनं पालथं तबक सुलटं केलं, मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "फूल आणायला जाते वर."

मी आदल्या संध्याकाळीच झाडांना पाणी घातलं होतं. एकही कळी उमलायला आलेली नव्हती, आणि पाणी घालताना बायकोही माझ्याबरोबर वर होती. मी म्हटलं, "बरं."

ती गेली. मुलगी रडत होती. तिची वरणाची वाटी कुठे ठेवलीय ती मला सापडेना, आणि हाक न मारता मी सगळी कपाटं उघडून बघितली.